अमावस्येचे मांडे

बुधवारा, बऱ्हाणपूर
सर्वपित्री अमावस्या, १९४८

औरंगाबादच्या मास्तरांस नमस्कार,

निजामाचं राज्य आपल्या देशात आलं, तिकडे अडकलेले शेजारीही घरी परतले. वर्षभरापासून तुमचाच काही ठावठिकाणा नाही. पत्र कुठे धाडायचं ते कळत नाही, तरी लिहिते आहे.

आज पितरांसाठी मांडे करायचे होते. मी कणीक तिंबत असताना चुडामणकाका स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि तुमच्याबद्दल आईंना म्हणाले, "वहिनी, वर्ष झालं. आता नंदूच्याही नावाने पान ठेवा. पोराला गती मिळू द्या."

आई हो म्हणतील याचीच मला भीती वाटली. पुरण भरलेला मांडा मी मनगटांवर फिरवत मोठा केला, तो फाटू नये म्हणून श्वास रोखून धरला आणि उलट्या खापरावर टाकला. मग म्हटलं, "काका, त्यांच्या नावाने पान ठेवायचं नाही."

"सुनेने मध्ये बोलू नये!" काका ओरडले.

तेव्हा आई उठल्या. मला वाटलं, तुमचं पान मांडायलाच निघाल्या. पण त्यांनी खापरावरचा मांडा घडी करून ताटात ठेवला, वर तूप घातलं आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"भाऊजी, आज माझ्या घरी सवाष्ण जेवणार आहे. तिला आधी वाढते."

काका न जेवता निघून गेले. आई माझ्यासमोर बसल्या आणि तुम्ही औरंगाबादला गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या. मी ताट पूर्ण संपवलं.

तुमची वाट पाहणारी,
विमल