माझ्यासाठी आलेला फोन

२४ एप्रिल २००१, प्लेनो, टेक्सस

सत्यजित भर दुपारी घरी आला. हातात पुठ्ठ्याचा खोका. मला वाटलं, ताप आलाय म्हणून लवकर आला असेल. "गेली," एवढंच म्हणाला. नोकरी! नुसती त्याची नाही, अख्ख्या टीमची. सकाळी कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि जेवणाच्या आत सगळे बाहेर. सिक्युरिटीवाला गाडीपर्यंत सोडायला आला म्हणे — ज्याला हा रोज गुड मॉर्निंग म्हणायचा, तोच.

रुचा सारखी विचारतेय, "व्हाय इज बाबा होम?" सांगितलं, सुट्टी आहे. पाच वर्षांच्या पोरीला लेऑफ कसा समजावायचा?

२६ एप्रिल

वकिलाकडे जाऊन आलो. सत्यजितचा एच-वन, म्हणजे कामाचा व्हिसा, कंपनीच्या जोरावर. कंपनी नाही तर एच-वन नाही. मी आणि रुचा त्याच्या डिपेंडंट — त्याचा व्हिसा गेला की आमचाही एच-फोर गेला. वकील म्हणाला, तूर्तास व्हिजिटर म्हणून अर्ज टाका, थोडा श्वास मिळेल, तेवढ्यात नोकरी शोधा. चार वर्षं इथे संसार केला. आता पाहुणे!

९ मे

आमच्या कॉम्प्लेक्सचं पार्किंग भर दुपारी भरलेलं असतं. सगळ्यांचे नवरे घरी. टेलिकॉमच्या सगळ्याच कंपन्यांत तीच गत. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू जोडप्याने सोफा, टीव्ही, पोराची सायकल सगळं विकायला काढलंय. मी जिन्यात थांबले नाही. बघवत नाही.

सत्यजितचे दिवसभर फोन. "हायरिंग फ्रीझ आहे." "जुलैत बघू." आणि एच-वन म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम सभ्य होतो. म्हणजे संपलंच.

१५ मे

शेजारच्या पद्मजा काकू आल्या होत्या. वीस वर्षं इथे काढलेली बाई, आडपडदा नाही. मी पोळ्या लाटत होते. म्हणाल्या, "तू नागपूरला हायस्कूलला गणित शिकवायचीस ना? एम.एस्सी., बी.एड.! अगं, इथल्या शाळा गणिताच्या टीचरसाठी रडतायत. काही जण व्हिसासुद्धा करतात. शनिवारी जॉब फेअर आहे, जा."

सत्यजित आतल्या खोलीतून हसत म्हणाला, "हिला? इथली पोरं कच्ची खातील हिला."

काकू हसल्या नाहीत. मी हसले. का हसले?

१९ मे

गेले! काकूंचं काळं जॅकेट घालून. खांद्यात सैल होतं. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलामागे एक गोड हसणारी बाई. "आर यू ऑथराइज्ड टु वर्क?" नाही म्हटलं की रेझ्युमे माझ्याकडे परत. एकीने तर "सो सॉरी, हनी" म्हणत वर पेपरमिंट दिली!

पाय दुखायला लागले होते. शेवटून दुसरं टेबल डॅलसच्या दक्षिणेकडच्या एका शाळेचं. तिथे रांगच नव्हती. प्रिन्सिपल मिसेस हॉलिस — उंच, करड्या केसांची काळी बाई. व्हिसाचं विचारलंच नाही. विचारलं, "गणिताचा तिरस्कार करणाऱ्या मुलांना शिकवता येईल?"

म्हटलं, "दुसऱ्या प्रकारची मुलं मला अजून भेटलेलीच नाहीत."

खो खो हसली ती. समर स्कूलमध्ये एक तास घेऊन दाखवायचा आहे. तारीख कळवणार.

३० मे

बाबांचा (सासऱ्यांचा) नागपूरहून फोन. "परत या, हट्ट कशाला करता?" सत्यजित नुसता हूं हूं करत होता. ठेवल्यावर रुचावर उगाच ओरडला.

१२ जून

डेमो तास झाला. लगेच लिहून ठेवते.

सत्यजितने गाडीने सोडलं, बाहेर थांबला. वर्गात नापास झालेली, वाढलेली मुलं. पाय बाकाबाहेर पसरलेले. मागे मिसेस हॉलिस वही घेऊन. सुरुवात सोपी करावी म्हणून विचारलं, "थ्री इंटू ट्वेल्व्ह?"

"फोर!" अख्खा वर्ग.

मी म्हटलं, "नो. थर्टी सिक्स."

कुजबुज. एका मुलाने पेन्सिल टाकली. "मिस, दॅट्स जस्ट राँग." कोणीतरी फिदीफिदी हसलं. मागे मिसेस हॉलिस काहीतरी लिहीत होत्या. मनात म्हटलं, तीन बारे छत्तीस, यात चुकलं काय? आणि सगळ्यांचं एकच उत्तर कसं? एवढी मुलं एकदम चुकत नाहीत. म्हणून पहिल्या बाकावरच्या वेण्यांवाल्या मुलीला विचारलं, "मला दाखव, चार कसे आले?"

ती म्हणाली, "थ्री गोज इंटू ट्वेल्व्ह फोर टाइम्स, मिस."

अरे देवा! आपण इंटू म्हणतो गुणिल्याला. यांच्याकडे इंटू म्हणजे भागाकार!

फळ्यावर दोन्ही लिहिलं. म्हटलं, "तुम्ही बरोबर आहात. माझ्या देशात हाच शब्द उलटा वापरतात. शब्दांवर विश्वास ठेवू नका, चिन्ह बघा." पेन्सिल टाकणारा म्हणाला, "आणखी काय काय उलटं बोलता तुम्ही?" मग काय! त्यांनी मला झेडचं झी करायला लावलं, ब्रॅकेटचं पॅरेंथेसिस. प्रत्येक शब्द सुधारायचा म्हणून समीकरणाची एकेक ओळ लक्ष देऊन वाचत होती पोरं. आणि समीकरण सुटलं! त्यांनीच सोडवलं. घंटा झाल्यावरही दोघं फळ्यापाशी वाद घालत उभी.

मिसेस हॉलिस दाराशी म्हणाल्या, या आठवड्यात फोन करू.

गाडीत सगळं सांगितलं. हसत हसत. सत्यजितही आधी हसला. घर जवळ आल्यावर म्हणाला, "म्हणजे तुला मिळणार."

प्रश्न नव्हता तो.

१४ जून

फोन नाही.

१५ जून

नाही. आठवडा संपला. पेन्सिल टाकणारं पोरगं डोळ्यांपुढून जात नाही. तिथेच गेलं सगळं.

१८ जून

सत्यजित म्हणतो, "सोड ना आता. मनाला लावून घेऊ नकोस." फार प्रेमाने बोलला. मला रडू आलं. त्याने पाणी आणून दिलं.

२१ जून

काकू म्हणाल्या, "तू फोन कर. फार तर काय, नाही म्हणतील!" त्यांच्याच घरून केला. मिसेस हॉलिस स्वतः फोनवर. आवाज कोरडा. "आम्ही तर समजलो तुम्हाला इंटरेस्ट नाही. मी गेल्या गुरुवारीच फोन केला होता. तुमच्या मिस्टरांना निरोप दिला."

गुरुवारी. मी रुचाला घेऊन लायब्ररीत गेले होते.

त्यांना काय बोलले, नीट आठवत नाही. जागा अजून आहे. उद्या बारापर्यंत हो-नाही कळवायचं.

घरी आले. सत्यजित भांडी घासत होता. भात लावला. रुचाला भरवलं.

२२ जून

सकाळी विचारलं. त्याने नाकारलं नाही.

"सांगणार होतो."

"कधी?"

"पुण्याच्या कंपनीचं नक्की झालं की." — पुण्याला अर्ज केलाय, हेही मला आजच कळतंय!

"आपण परत जाऊ, ज्ञानदा. तिथे मी कोणीतरी असेन. इथे तुझ्या व्हिसावर घरात बसून काय करू? पोळ्या लाटू?"

"मी लाटल्या," म्हटलं. "चार वर्षं."

तो उठला. मग बाथरूममध्ये गेला, नळ सोडला. नळाच्या आवाजातूनही रडणं ऐकू येत होतं. एवढा मोठा माणूस, हुंदके देत होता. दारापर्यंत गेले. तो खोका घेऊन घरी आला होता त्या दिवसाचा त्याचा चेहरा आठवला. राग गेला नाही. पण दार वाजवलं. उघडलं त्याने. पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "मी हो म्हणणार आहे."

मग शाळेला फोन केला.

२९ जून

शाळेने माझा एच-वनचा अर्ज पाठवला. पुण्याचं काय झालं, मी विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही. जेवताना फक्त रुचा बोलते.

३० जुलै

मंजुरी आली! काकू साखर घेऊन धावत आल्या. सत्यजितने जवळ घेतलं — किती दिवसांनी! "काँग्रॅट्स, टीचर," म्हणाला. डोळे हसत होते त्याचे, मी नीट पाहिलं. रुचा सोफ्यावर उड्या मारत होती. आज बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

१३ ऑगस्ट

शाळा सुरू झाली. पहिला तास निभावला.

सत्यजित काल पुण्याला गेला, तिथल्या नोकरीवर. एकेरी तिकीट. रुचा इथेच — माझ्या व्हिसावर.