पाल्याचं नाव

३ जुलै, बुध.
सुलीचे डोळे पिवळे. सकाळी मोरीत तोंड धुताना मीच पाहिलं. सातवा चालू, पहिलं बाळंतपण, म्हणून निडीहून सासरची माणसं तिला इथे सोडून गेली, त्याला दहा दिवसही झाले नाहीत. सासूबाई लेकीच्या पापण्या ओढून बघत म्हणाल्या, "आज बुधवारच हाय, बरा झाला."
आमच्याकडे काविळीचं औषध रवि. आणि बुध., उपाशीपोटी, ताकातून. पेणहून माणसं येतात. खोकल्याला अडुळसा, पोटाला ओवा, कापलं तर हळद, हे काय सगळ्याच घरात असतं. काविळीचं फक्त सा.बां.कडे. आणि आता माझ्याकडे. गेल्या ग्रहणाला डोंगरात नेऊन मला पाला दाखवला. "नाव तोंडातून काढलंस तर गुण जाईल बघ. कायमचा." म्हणून इथेही लिहीत नाही.
मी दवाखान्याचं काढलं. कुणी ऐकलं नाही. ह्यांनीही नाही, सख्खी बहीण असून.

७ जुलै, रवि.
दुसऱ्यांदा औषध. मग नेहमीप्रमाणे सुलीच्या हातांना झाडाच्या सालीचा रस चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं धम्मक. "उतरली गो!" सा.बा. ओटीवर सगळ्यांना परात दाखवत होत्या. हे खुशीत रोह्याला कंपनीत गेले, दुसरी पाळी.
सुलीने पेज अर्धी टाकली. पथ्याला मीठ नाही, तेल नाही, तूप नाही. दोन जिवांच्या बाईने खायचं तरी काय? विचारलं तर सा.बां.चं तोंड वाकडं.

८ जुलै, सोम.
सा.बा. भातलावणीला गेल्या. मी परसात तीच साल ठेचली, माझ्याच हातांना रस चोळला, चुन्याचं पाणी केलं. पिवळं. सुलीचं झालं तेवढंच पिवळं. मला काय कावीळ झालीय?
ती परात पंधरा वर्षं मी घासतेय. एकदाही हात घालून बघावंसं वाटलं नाही. शहाणीच मी.
सा.बां.ना सांगितलं नाही. त्या खोटं करतात असं नाही, त्यांना मनापासून खरंच वाटतं. म्हणून तर भीती वाटते. सुली दिवसभर झोपून.

१० जुलै, बुध.
तिसरं औषध. दुपारी सुलीने मला तीनदा विचारलं, "वयनी, आई कुठं गेली?" आई समोर बसलेली. म्हटलं, गाडी बोलावते. सा.बा. : "पथ्य मोडंल गो." मी ओरडले. सासूवर, लग्नानंतर पहिल्यांदा. शेजाऱ्यांच्या टेम्पोत गादी टाकून पेणला दवाखान्यात आणली.
डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, काय दिलंत? सा.बा. : "पाला." कसला? "पाला." तोंडाला पदर लावून बसल्या.

११ जुलै, गुरु.
डॉ. बाईंनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं. "गरोदरपणातली कावीळ मुळातच वाईट. त्यात लिव्हरला बाधणारं आणखी काही पोटात गेलं असेल तर मला कळायला हवं. तुम्हाला माहीत आहे ना?"
सांगितलं. एकच शब्द. त्यांनी लिहून घेतलं, मान हलवली. "हा पाला एवढा घातक नाही. आणखी काही?" म्हटलं, नाही. अगदी खात्रीने.
घरी आले तर देवापुढे उभं राहवेना. परातीतली लबाडी मी डोळ्यांनी पाहिली, तरी गुण गेल्याची भीती काही जात नाही. सुलीला काही झालं तर ते माझ्या जिभेमुळे, असंच मला जन्मभर वाटत राहणार. आणि सा.बां.ना तर...

१२ जुलै, शुक्र.
हाक मारली की सुली डोळे उघडते, पुन्हा मिटते. बाळाचे ठोके आहेत. जावई निडीहून आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, आधी का नाय आणलात?" हे शेजारी उभे, जमिनीकडे बघत. इतका राग आला ह्यांचा. बोला ना आता, म्हटलं मनात.

१३ जुलै, शनि., दु. ३
दवाखान्यातच लिहितेय. सकाळी कळा सुरू झाल्या, दिवस न भरताच. सुलीला आत नेलंय. हे आणि जावई रक्ताच्या बाटलीसाठी धावतायत. बाकावर आम्ही दोघीच.
सा.बा. एकदम म्हणाल्या, "तू नाव सांगितलंस." विचारत नव्हत्याच.
"व्हय, आई."
मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी माझं मनगट धरलं. "तुला येकच दाखवलाय. दुसरा हाय. येका झाडाचं मूळ. तो शेवटाला सांगायचा, आपलं हात थकलं की. सगल्यांना पाल्यासंगं चिमटीभर देते. सुलीला दुप्पट दिला. माजी पोर म्हनून."
रडू आलं आणि रागही, दोन्ही एकाच वेळी. मी त्यांना उठवलं, चला, आत सांगा. दोन पावलं टाकून परत बसल्या. "माज्यानं नाय व्हनार. तू सांग." माझ्या कानाशी तोंड आणून नाव पुटपुटल्या. मला नीट कळलं नाही. "आई, पुन्हा."
मग त्यांनी मोठ्याने सांगितलं. एवढ्या मोठ्याने की व्हरांड्यातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. टेबलावरच्या सिस्टरने ते लिहून घेतलं आणि चिठ्ठी घेऊन आत गेली.
त्याला दहा मिनिटं झाली. आतून अजून कुणी आलेलं नाही. सा.बां.नी माझं मनगट सोडलेलं नाही, मी वही मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने लिहितेय.