भुताच्या गाडीत माय

२ डिसेंबर
मुंबईचे सीरियलवाले आज पुन्हा शेलूबाजारला आले. भुतांच्या कुटुंबावर विनोदी मालिका आहे, त्या भुतांना फिरायला गाडी हवी. साहेबांचं एकच पालुपद, "भीती वाटली पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे." आमच्या गॅरेजात दोन्ही फुकट मिळतं, हे अगदी जिभेवर आलं होतं. गाडी बनवून द्यायचं कबूल केलं, उचल घेतली.
बाबांची जीप शेडमागे पडून आहे. ते गेल्यापासून कोणी चालवली नाही. मायला विचारलं. "घे. उंदरं खेळून राह्यले तिच्यात." रडेल वाटलं होतं.

७ डिसेंबर
बॉनेट काढलं. इंजिन उघडं, नाक हातभर लांब. मागे ट्रकची जाड चाकं, पुढे जीपचीच. सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून. दिव्यांच्या जागी कंदील. बघून स्वतःलाच हसू आलं, मग जरा भ्यालो. म्हणजे जमतंय.

११ डिसेंबर
खरी करामत आज. गाडी आपोआप चालताना दिसायला हवी. म्हणून वर बाबांची सीट तशीच, रिकामी, आणि पुढे त्यांचं स्टिअरिंग. खरा ड्रायव्हर सीटच्या फळीखाली, पाय पसरून, जाळीतून रस्ता बघणार. दोन्ही स्टिअरिंग साखळीनं जोडली. खालचं फिरवलं की वरचंही फिरतं.
माय चहा घेऊन आली आणि रिकाम्या सीटपुढचं फिरणारं स्टिअरिंग बघत उभी राहिली. चहा निवून गेला.

१२ डि.
दुपारी माय गाडीत. डावीकडे, तिच्या जुन्या जागी, ठेवणीतलं लुगडं नेसून. "फिरवून आन मले. तू खाली बस."
मंगरूळपीर रोडनं नेली. मला फक्त डांबर आणि बकऱ्यांचे पाय दिसत होते. वरून तिचा आवाज. "हळू घ्या. गचके बसते." हळू घेतली. "तूर कशी फुलली पाहा औंदा." हे मला नव्हतं. मला ती अरे-तुरे करते. लोक कडेला थांबून हसत होते, तिला त्याचं काही नाही. गाडी कोण चालवतंय, मलाच कळेना. झोपेत असल्यासारखं.
"लिंबाखाली थांबवा." बाबा तिथेच थांबायचे. थांबवली.

१५ डि.
रोज दुपारी एक चक्कर. ती बोलते, मी ऐकतो. बाबा गेल्यावर एवढं बोललीच नव्हती. घरी एवढी गप्प का असते, हे मी कधी विचारलं नाही...
साहेबांचा फोन. गाडी न्यायला परवा ट्रक येणार. मायला सांगायची हिंमत नाही. उचल परत करावी तर ती शेडच्या नव्या पत्र्यांत खर्च झाली.

१७ डि.
ट्रक आला. माय आधीच बसलेली. "चाल, एक चक्कर." मी खाली शिरलो.
लिंबाखाली पोचल्यावर वरून, "पोरगं तुमची गाडी देऊन राह्यलं. त्यानं शब्द देला हाय. जाऊ द्याव का ठेवाव? सांगा ना."
काय सांगणार, आणि कोणाच्या आवाजात? डोळे भरले, पुसायला हात हलवला तर वरचं स्टिअरिंग हललं असतं.
तिनं वाकून फळी वाजवली. "तुले इचारून राह्यली मी. ते गेले, मले मालूम हाय. गाडी तूच चालवतं ना?"
परत आलो. ट्रकवाला जेवायला बसलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि माय गाडीतून उतरलेली नाही.