नकाशा आढळून येत नाही, मामा

मुदखेड,
रविवार, दुपार

आदरणीय आनंदराज मामांना, भाची महामायाचा सविनय जय भीम.

आम्ही इथे ठीक आहोत. आईची साखर आटोक्यात आहे आणि ती आटोक्यात आहे म्हणून आई पुन्हा चहात साखर घालू लागली आहे. प्रेमचा बारावीचा अभ्यास चालू आहे (असं प्रेमचं म्हणणं आहे). मामींचे गुडघे कसे आहेत? लातूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्या घेतात की डबीत ठेवून नुसत्या बघतात, ते कळवा. विचारपूस झाली. आता मी रागावणार आहे, तेव्हा पाणी पिऊन बसा.

मामा, हे पत्र मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांच्या सांगण्यावरून लिहीत आहे. शुक्रवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, ‘‘तुमचे मामाच हायत ना हे अर्जवाले? मग समजावा की त्यांना. अपील मागं घ्या म्हणावं.’’ आणि मग खिडकीकडे बघत, जणू पावसापाण्याबद्दल बोलावं तसं, ‘‘तुमचा करार या महिन्याअखेर संपतोय न्हाई का?’’ माझा करार अकरा महिन्यांचा आहे हे साहेबांना इतर वेळी कधीच आठवत नाही. गुरुवारी तुमच्या अपिलाची सुनावणी आहे हे मात्र त्यांना झोपेतही आठवत असावं.

पण मी साहेबांवर नंतर चिडेन, आधी तुमच्यावर. नववीत माझी शिष्यवृत्ती अडकली होती तेव्हा माहितीचा अर्ज कसा लिहायचा ते तुम्हीच मला शिकवलंत. घरात पहिली पदवी आली तेव्हा तुम्हीच गावभर पेढे वाटत सांगितलंत की आता सरकारच्या घरात आपलं माणूस बसणार. बसलं बरं का मामा. दारामागच्या टेबलाला बसलं, त्यावर ‘माहिती अधिकार कक्ष’ अशी पाटीही लागली. मला वाटायचं, लोक प्रश्न विचारतील, मी कपाट उघडून उत्तर देईन, यात अवघड काय आहे! आणि मग एके दिवशी आवक रजिस्टरला तुमचाच अर्ज आला.

तुम्ही काय मागितलंत ते मला पाठ आहे. गावातून आपल्या स्मशानभूमीकडे जाणाऱ्या वाटेचा जुना मोजणी नकाशा. ती वाट शेजारच्या शेतातल्या शेषेरावांनी नांगरून सोयाबीनमध्ये घातली, आणि भादव्यात नागुबाई आजीला गुडघाभर चिखलातून न्यावं लागलं. तिरडी दोनदा कलली, ते मीही पाहिलं आहे. शेषेराव म्हणतात इथे वाट कधी नव्हतीच, नकाशा म्हणेल होती. इतकी साधी गोष्ट.

साधी गोष्ट आमच्याकडे येते तेव्हा आधी तिचे शब्द मोजले जातात. अर्ज दीडशे शब्दांच्या आत हवा आणि एकाच विषयाचा हवा, असा नियम आहे. साहेबांचा या नियमावर फार जीव आहे. बाकीचा कायदा ते माझ्यावर सोपवतात, मोजणी मात्र स्वतः करतात, पेन्सिलीने, प्रत्येक शब्दावर टिंब देत. तुमचा अर्ज एकशे अठ्ठेचाळीस भरला (तुमची एसटीतली कंडक्टरकी इथे दिसते). साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी अर्जाला लावलेल्या दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर छापलेले शब्दही धरायचे का, असं मला विचारलं. मी म्हटलं, सर, ते अर्जदाराने लिहिलेले नाहीत. तेव्हापासून ते मला ‘कायदेपंडित’ म्हणतात.

शब्द जमले म्हणून अर्ज हस्तांतरित झाला. हा विषय आमचा नाही, मोजणीवाल्यांचा आहे, असं पत्र मीच टाइप केलं. मोजणीवाल्यांनी तो पंचायत समितीकडे पाठवला, समितीने ग्रामपंचायतीकडे, आणि ग्रामसेवकांनी, हे अभिलेख तर वरच्या ऑफिसात असतात, असं लिहून आमच्याकडे. त्रेचाळीस दिवसांनी माझ्याच हाताने गेलेला कागद माझ्याच हातात आला. त्याच्यावर इतके शिक्के होते की तुमची सही शोधावी लागली.

मधल्या काळात तुम्ही स्वतः ऑफिसात आलात, तेही विसरणार नाही. सगळ्यांसमोर मला ‘मॅडम’ म्हणालात! मीही तुम्हाला ‘अर्जदार, बसा’ म्हणाले, कारण नात्यागोत्याचा संशय नको. पण मामा, संशय नको असेल तर जिन्यात गाठून ‘‘जेवलीस का गं माया, लई वाळलीस’’ असं एवढ्या मोठ्याने विचारायचं नसतं. साहेब वरच्या पायरीवर होते.

शेवटी उत्तर गेलं: ‘सदर अभिलेखाचा संपूर्ण शोध घेतला असता तो आढळून येत नाही.’ तुम्ही अपील केलंत. आता मोठ्या साहेबांसमोर आमचे साहेब उभे राहणार, त्यांना घाम फुटणार आणि तो पुसायला माझी नोकरी वापरणार. आईचं औषध आणि प्रेमची फी या नोकरीवर चालतात, हे तुम्हाला सांगायला नको. आणि नकाशाच नाही म्हटल्यावर अपिलातून तुमच्या हाती तरी काय पडणार? मला बोलताना लाज वाटते आहे आणि लाज वाटते म्हणून जास्त राग येतो आहे. तरी आपण अपील मागे घ्यावं, ही विनंती.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
महामाया

ता. क. (सोमवार, संध्याकाळ): पाकीट काल चिकटवता आलं नाही. ‘संपूर्ण शोध घेतला’ हे वाक्य तुम्हाला लिहिताना हात अडला, कारण त्या उत्तरामागच्या शोधाच्या टिपणावर सही माझी आहे आणि शोध म्हणजे मी फक्त यादी पाहिली होती. साहेब म्हणाले होते, यादीत नाही म्हणजे नाही. म्हणून आज अभिलेख कक्षात गेले. तिथले वीरण्णा देगलूरकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मी गावाचं नाव सांगितलं तर म्हणाले, ‘‘तुमचं गाव नवीन तालुक्यात गेलं की हो. नवीन यादीत ते रुमाल चढवलेच न्हाईत कुणी.’’ (रुमाल म्हणजे कागदांचे कापडी गठ्ठे, निजामाच्या वेळेपासून तसेच बांधतात.) मग कुठे आहेत? वीरण्णा थोडे लाजले. त्यांचं स्टूल मोडलं तेव्हापासून नवीन खुर्चीचा प्रस्ताव प्रलंबित आहे. मामा, आपल्या गावाच्या रुमालावर वीरण्णा सात वर्षं बसून आहेत. मी त्यांना उठवलं, गाठ सोडली. नकाशा आहे. वाट आहे, ठिपक्यांच्या दोन रेघांनी काढलेली, आणि शेवटी बारीक अक्षरात स्मशानभूमी लिहिलेलं.

ता. क. दुसरा: नकाशा सापडताच मी धावत साहेबांकडे गेले होते. मला वाटलं खूश होतील! साहेब म्हणाले, ‘‘आढळत न्हाई असं आपण लेखी देऊन बसलोय. आता आढळला तर आपण खोटे ठरू. राहू द्या जिथं हाय तिथं.’’ एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, मामांना पत्र लिहिलं का. मी पर्समधल्या कालच्या पत्राचं शेवटचं, विनंतीचं वाक्य दाखवलं, त्यांनी मान हलवली. वरची पानं त्यांनी पाहिली नाहीत, दीडशे शब्दांपुढे ते वाचत नाहीत. मी वीरण्णांकडे परत गेले आणि हात जोडून म्हटलं, गुरुवारपर्यंत त्याच रुमालावर बसा, कुणी हलवा म्हटलं तरी उठू नका. म्हणाले, ‘‘उठून बसू कुठं बाई? खुर्ची हाय का?’’

ता. क. तिसरा, आणि हेच खरं पत्र: अपील मागे घेतलंत तर तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. गुरुवारी अकराला या. मोठ्या साहेबांना एवढंच म्हणा की मला अभिलेख कक्षाची समक्ष तपासणी करू द्या, आत्ताच्या आत्ता. मग विचारा, संपूर्ण शोध घेतला हे टिपण कुणाच्या सहीचं आहे. भाची आहे म्हणून तो प्रश्न गिळू नका. मी साहेबांच्या मागच्या खुर्चीत असेन. विचारलंत की उभी राहून सांगेन, माझ्या सहीचं आहे आणि ते खोटं आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तेवढं मात्र तुम्हीच सांगा. माझी हिंमत होत नाही.