रखवालदाराने दाबून ठेवलेली पत्रं

ठमे,

मी कामावर निघालो. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा, उभ्याउभ्या खाऊ नकोस.

आपल्या त्या व्हिडिओ गेमचा शेवट दोघांनी मिळून बघायचा असं ठरलं होतं. पण काल दुपारी तू मैत्रिणीकडे गेलीस आणि मी एकट्यानेच तो संपवला. रागावलीस तरी चालेल.

तो दीपगृहाचा रखवालदार, मुलगी बेट सोडून जाऊ नये म्हणून अख्ख्या गावाची पत्रं पोत्यात दाबून ठेवणारा. तू त्याला शिव्या घालायचीस आणि मी हसायचो. शेवटी आपण जिंकतो, पण तो मरत नाही. पोतं खांद्यावर घेऊन स्वतःच खाली येतो, मुलीच्या हातात तिचं पत्र ठेवतो आणि एवढंच विचारतो, "बोट किती वाजता आहे?" मग पडद्यावर नुसता दिवा फिरत राहतो.

तुझं नोकरीचं पत्र गेल्या मंगळवारीच आलंय. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा नाही म्हणालो. गेमच्या डब्यात ठेवलंय. फोडलेलं नाही, पाकिटावरच्या कंपनीच्या पत्त्यावरूनच कळलं किती लांबचं आहे ते. आजच तिकडे फोन कर आणि उशीर बापामुळे झाला म्हणून सांग.

मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. चेन अडकत होती, तिला मेणबत्ती घासलीय.

गाडी किती वाजता आहे, ते याच कागदाच्या मागे लिहून ठेव.

बाबा