टाइल्स लागाच्या आधी

१२ जाने., सोम.
टाइल्स म्हने! सांगाले त्या प्रकाशभाऊजीले लाज नाही वाटली. विहाराच्या भिंतीले ओल आली, पोपडे पडून राहिले, म्हणून अख्ख्या चित्रावर पांढऱ्या टाइल्स ठोकाच्या. संडासाले लावतेत तशा. दीर कमिटीत आहे म्हणून भिंत काय त्याच्या बापाची झाली? चित्रात छप्पनच्या धम्मदीक्षेची गर्दी आहे, अन् त्या गर्दीत आपल्या बस्तीतल्या बाया. सुखदेव पेंटरनं एकेकीले समोर बसवून काढल्या. मायबी आहे. खरी दीक्षा झाली तवा माय आजोबाच्या खांद्यावर होती. पेंटर म्हनला, लहान काढतो. माय म्हनली, "लहान काढशीन त मले वयखन कोन गा?" म्हातारीच काढाले लावली.
माय गेली, तिचा फोटो नाही घरी. एकबी नाही. थे भिंतच आहे.
भाऊजी म्हनते, "वहिनी, पेंटर सोता येऊन 'ठेवा' म्हनला त ठेवू."
मग जाते पेंटरकडं. काहून नाही जाणार?

१५ जाने., गुरु.
खापरखेड्याहून बसनं नागपूरले, सीताबर्डीले. थितं त्याचं प्रदर्शन लागलं, आधी थे पाह्यलं. त्याचं चित्र जिथं असन तिथं मी जातेच. पन हे नवे... गर्दी आहे, पांढरी लुगडी आहेत, चेहरेच नाही. एकाले नाक नाही. थितल्या पोरीले विचारलं, "मानसं कुठं गेली वं?"
"मावशी, ही त्यांची नवी स्टाइल आहे."
स्टाइल! डोकं सणकलं. चहाबी नाही घेतला, तशीच इंदोऱ्याले त्याच्या घरी.
घरावर टिनाची खोली, थितंच काढते. रंगाचा, तेलाचा वास. खाटेवर बसला होता. माह्याशी बोलला, पन दरवाज्याकडं पाहून. तवा समजलं. काचबिंदू. पांढरं तेवढं दिसते म्हने.
भांडाले गेली होती. बसूनच राहिली. मंग टाइल्सचं, मायचं सांगितलं.
"खापरखेडा? निळ्या काठावाली म्हातारी तुही माय?" माह्या तोंडावरून हात फिरवला. रंगाचाच हात. "नाक थेच आहे. तू समोर बस. हातानं पाहून मायले काढतो कापडावर. भिंत सोड, पोरी. भिंती जातेतच."
"माह्या नाकावरून काढसान त थे मी होईन. माय नाही. तुमी विहारात चला."
त्याची सून मधातच, "बाबांना कुठं न्यायचं नाही हं."
बाबा म्हनला, "पाहतो."
"पाहतो काय? दिसते कुठं तुमाले?"
तोंडातून निंगालंच. बाबा खोकला येवोस्तोर हसला. सून नाही हसली.

१७ जाने., शनि.
जीव थाऱ्यावर नाही. भाजी जळली, परत टाकली, परत जळली. टाइल्सचे खोके विहारात येऊन पडले.
सकाळी गेली. डोळे मिटले अन् मायवर हात फिरवला, बाबासारखा. कायबी नाही समजलं. पोपडा हाताले आला, काठाचा, निळा. ओल खरंच आहे. भाऊजी खोटं नाही बोलून राहिला. पोपडा पदराले बांधला.
मंग फोन लावला. सुनेनं उचलला. म्हनलं, बाबाच्या कानाले लाव.
"बाबा, भिंत सोडाची असन त तुमी येऊन, मायले हात लावून, तिच्यासमोर सांगा. मंग सोडते, मंग बसते तुमच्यासमोर. गाडी मी आनते. बुधवारी टाइल्सवाला येते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांगा, येता का नाही. अन् 'पाहतो' म्हनू नका."