पुन्हा, मन्हा, तुन्हा

बाई, परवा मी तुमचा खेळ माझा म्हणून दाखवला. बालवाडीच्या शिक्षिकांचं प्रशिक्षण होतं, साठेक जणी असतील, बहुतेक आमच्याच शहरातल्या, उधना-लिंबायतकडच्या शाळांतल्या, काही पार बारडोलीहून आलेल्या. विषय होता, लहान मुलांना यमक जुळणारे शब्द ओळखायला कसे शिकवायचे. मी तुमची ती पिशवी काढली. साडीच्या कटपीसची, तुम्ही हाताने शिवलेली, आत वाटी, लाकडाची छोटी दांडी, पाटीचा तुकडा आणि लूमवरची सुताची कांडी. पुढच्या रांगेतल्या चौघींना उभं केलं, प्रत्येकीच्या हातात एकेक वस्तू दिली आणि डोळे मिटून आपापला शब्द म्हणत जोडीदार शोधायला सांगितलं. वाटी म्हणणारी पाटी म्हणणारीला जाऊन भिडली, सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या. मोबाइलवर पिशवीचे फोटो निघाले. मग एक तरुण मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, किती सोपं आहे हे. तुम्हाला सुचलं कसं?” मी म्हटलं, “अनुभवातून.” बाई, एवढा एकच शब्द मी बोलले. तो बोलायला मला जरासुद्धा वेळ लागला नाही, आणि तेव्हापासून झोप लागत नाही.

तुमच्या वर्गात मी पहिल्यांदा आले तेव्हा बावीस वर्षांची होते. पदविका हातात, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, अडाजणहून दोन रिक्षा बदलून यायचं. बाबा बँकेत होते, आम्ही मूळचे अमरावतीचे. आजी आमच्याकडे असताना कुणी आलं की बाबा तिला हळूच म्हणायचे, “आई, जरा कमी बोल.” तिची वऱ्हाडी त्यांना पाहुण्यांसमोर नको असायची. मी त्याच घरात वाढले होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी तुम्ही मुलांशी अहिराणीत बोलताना ऐकलं आणि माझ्या मनात आलं, ह्या शिक्षिका कशा? मोठ्या बाईंनी ओळख करून दिली तेव्हा तुम्ही मला “ये माय, बठ” म्हणालात आणि सतरंजीवर स्वतः सरकून जागा दिलीत. मी बसले नाही. ड्रेस मळेल म्हणून उभीच राहिले. तुमच्या ते लक्षात आलं असणार. तुम्ही लगेच उठून शाळेच्या मावशींकडून खुर्ची मागवलीत.

तो वर्ग मला आजही तसाच दिसतो. पलीकडच्या भिंतीला लागूनच लूमचे, यंत्रमागांचे गाळे, सकाळपासून खटखट चालू. तुम्ही म्हणायचात, या पोरांचे कान आपल्यापेक्षा चांगले, एवढ्या आवाजात झोपतात आणि एवढ्या आवाजात आईची हाक ओळखतात. मी तक्ता घेऊन आले होते. गाडी, साडी, काडी, रंगीत चित्रं, खाली मोठ्या अक्षरांत शब्द. मी विचारते, “गाडीसारखा शब्द कोणता?” आणि एक मुलगा हात वर करून म्हणतो, “रिक्षा!” दुसरा म्हणतो, “पेट्रोल!” मी कपाळाला हात लावते. तुम्ही मागे बसून हसताय. सुट्टीत तुम्ही म्हणालात, “चित्र दाखवलं की पोरगं वस्तू बघतं, आवाज ऐकत नाही. चित्र झाक. डोळे मिटू दे. शब्दाची शेपटी धरायला शिकव.” दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना डोळे मिटायला लावलेत आणि नुसतं म्हणालात, “गाडी... साडी... बादली.” बादलीला वीस-बावीस तोंडांतून एकदम “नाही!” आलं. एकाने “ढाडी” असा शब्द दिला. मी म्हटलं असा शब्द नसतो. तुम्ही त्याच्या पाठीवर थोपटलंत. “कान बरोबर आहे ना त्याचा? शब्द उद्या येईल.” मी हे सगळं पाहत होते, मनातल्या मनात टिपून घेत होते, आणि तरीही तुम्हाला शिक्षिका मानत नव्हते. दहावी झालेल्या, नवरा लूमवर, कोसाडहून डबा घेऊन येणाऱ्या एक बाई, एवढंच.

वर्गात एक मुलगी होती, तुमच्या डाव्या हाताला बसायची. तेल लावून घट्ट दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिचं घर शिरपूरकडचं. घरातून आणलेले शब्द ती वर्गात बिनधास्त वापरायची. यमकाच्या खेळात तिला कुणी हरवू शकायचं नाही. तुम्ही शब्द उच्चारायच्या आत तिचं उत्तर तयार.

डिसेंबरात ट्रस्टी वर्ग बघायला येणार होते. पुढच्या वर्षी इंग्रजी माध्यमाची नर्सरी काढायची होती आणि ती कुणाच्या हातात द्यायची हे त्यावर ठरणार होतं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, “पाठ तुम्ही घ्या, त्यांना जरा बाजूला ठेवू.” मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “घे ना पोरी, चांगलंच आहे.” आणि दाराशी जाऊन उभ्या राहिलात. मी तुमच्याच पद्धतीने सुरुवात केली. डोळे मिटा, ऐका. माळ, बाळ. छान झालं. चाक, नाक. छान झालं. मग दोघं-तिघं गडबडले म्हणून मी म्हटलं, “चला, पुन्हा!” आणि ती मुलगी, तिला वाटलं हाच पुढचा शब्द, डोळे मिटूनच ओरडली, “मन्हा!” आणि लगेच, अजून खुशीत, “तुन्हा!”

मागच्या खुर्चीतल्या ट्रस्टींनी मोठ्या बाईंकडे वळून गुजरातीत विचारलं, ही काय बोलली, “आ शुं बोली?” माझे कान तापले. मी मोठ्या बाईंच्या आधी उत्तर दिलं. “गावठी आहे, साहेब. घरची भाषा. आम्ही सुधारतोय.” ते हसले, त्यांच्याबरोबरचे दोघे हसले, मुलं कशाला हसतायत ते न कळता हसली. मी तिला उभं केलं. “मन्हा नाही म्हणायचं. माझा. म्हण.” ती म्हणाली, “माझा.” “तुन्हा नाही. तुझा.” ती म्हणाली, “तुझा.” तिचे डोळे आता उघडे होते. मी म्हटलं, “पुन्हासारखा शब्द आहे गुन्हा. म्हणा सगळे, गुन्हा.” सगळा वर्ग तीनदा म्हणाला. ती नाही म्हणाली. पाच वर्षांच्या मुलांना मी त्या दिवशी हा शब्द शिकवला, बाई. तेवढ्यात दारातून तुमचा आवाज आला. “बरोबर शे ते!” अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा. ट्रस्टींनी मान वळवून बघितलं. मोठ्या बाईंनी डोळे वटारले. आणि मला, खरं सांगते, तुमचा राग आला. माझा पाठ तुम्ही बिघडवलात असं वाटलं.

ते गेल्यावर तुम्ही मला खिचडीच्या खोलीत बोलावलंत. पातेलं चुलीवर होतं, तुम्ही ढवळत होतात, माझ्याकडे बघत नव्हतात. तुम्ही माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हतात आणि तेव्हाही चढवला नाहीत. “म्हणून बघ,” तुम्ही म्हणालात. “पुन्हा, माझा. जुळतं? आता म्हण, पुन्हा, मन्हा. कान तिचा बरोबर होता. चुकलीस तू.” मी म्हटलं, “पण बाई, प्रमाण भाषा...” तुम्ही चमचा पातेल्यावर आपटलात. “ती घरी मन्ही माय म्हणते. आज घरी जाऊन मायला काय म्हणेल ती? तोंड तू बंद केलंस. आता तूच उघडून दे.”

मी नाही उघडून दिलं. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली, बसली, आणि बोललीच नाही. हजेरीला नुसता हात वर. खेळात तिची पाळी आली की ओठ घट्ट. मला वाटलं, होईल आपोआप. तुम्ही मात्र रोज सुट्टीत तिला पाण्याच्या माठापाशी घेऊन बसायचात, तिच्या कानाशी तोंड नेऊन एक शब्द सांगायचात आणि मग तुमचा कान तिच्या तोंडाशी न्यायचात. कित्येक आठवडे तुम्ही नुसता कान धरून बसलात. जानेवारीच्या शेवटी एकदा तुम्ही एकदम मोठ्याने हसलात. तिने काहीतरी सांगितलं होतं तुम्हाला. काय, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

फेब्रुवारीत मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या म्हणाल्या, “वर्गात तुम्ही असता, तर त्यांच्याबद्दल तुम्हीच दोन ओळी लिहून द्या. ट्रस्टींना कागद लागतो.” मी दोन ओळींऐवजी पानभर लिहिलं. ‘सदर शिक्षिकेच्या ग्रामीण बोलीचा बालकांच्या भाषेवर अनिष्ट परिणाम होत आहे.’ हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की कच्चा कागद फाडून मी ते पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नर्सरी मला मिळणार होती, बाई, आणि मला ती हवी होती. एप्रिलमध्ये तुम्हाला सांगण्यात आलं की जूनपासून येऊ नका. तो कागद तुमच्यासमोर ठेवला होता, असं मावशींनी मला नंतर सांगितलं. खाली नाव नव्हतं. पण रोजचा सुविचार फळ्यावर मीच लिहायची, आणि माझं अक्षर तुम्हीच मुलांना दाखवायचात, “बघा, ताईचं अक्षर कसं मोत्यासारखं.” शेवटच्या दिवशी तुम्ही वर्ग झाडून घेतलात, सतरंजी गुंडाळून ठेवलीत, माझ्याजवळ येऊन म्हणालात, “त्या पोरीकडे लक्ष ठेव.” मी मान डोलावली.

ती मुलगी जूनमध्ये आलीच नाही. तिच्या वडिलांना पलसाण्याला डाइंगच्या, कापड रंगवायच्या कारखान्यात काम लागलं आणि घर तिकडे हललं. महिनाभर वाट बघून हजेरीपटातलं तिचं नाव मी लाल पेनने खोडलं. तिकडे ती शाळेत गेली का, बोलायला लागली का, मला माहीत नाही. पलसाणा काही दूर नाही. तासाभराची वाट. मी गेले नाही.

तुमच्याकडे मात्र आले होते, दोन वर्षांनी. सगळं सांगून टाकायचं, माफी मागायची, असं ठरवून. अमरोलीला उतरून कोसाडची ती वसाहत, सारख्याच इमारती, विचारत विचारत आले. दार उघडंच होतं. तुम्ही जमिनीवर बसून साडीवर टिकल्या लावत होतात, शेजारी अजून दहा-बारा साड्यांचा गठ्ठा. डोळ्यांवर जाड चष्मा आला होता, पायाला पट्टी होती, साखरेची जखम भरत नाही म्हणालात. मला बघून तुम्ही आधी साड्या बाजूला केल्यात, मग म्हणालात, “जेवल्याशिवाय जायचं नाही.” त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तुम्ही लंगडत कळण्याची भाकरी थापलीत, वर ठेचा आणि कच्चं तेल. मी या वेळी जमिनीवर बसले. प्रत्येक घासाला वाटत होतं, आता बोलू. तुम्ही शाळेबद्दल विचारत होतात, नर्सरीत मुलं किती, इंग्रजी यमकं शिकवतेस का, कॅट-बॅट जमतं का त्यांना. तुमच्या आवाजात एक काटासुद्धा नव्हता. तो असता तर मला बोलता आलं असतं.

मग तुम्ही ताट उचलता उचलता विचारलंत, “ती पोरगी? बोलते का आता?”

आणि मी म्हटलं, “हो बाई. छान बोलते. वर्गात पहिली असते.”

तुम्ही ताट तसंच हातात धरून उभ्या राहिलात. तुमचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. “मी म्हटलं नव्हतं?” तुम्ही म्हणालात. “कान चांगला होता तिचा.” आणि आत जाऊन फळीवरून ती पिशवी काढून आणलीत. शाळेतून निघताना घरी नेली होतीत ती. माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, “आता मला काय उपयोग? तू उघडलंस ना तिचं तोंड, मग ही तुझी.” मी ती घेतली. नाही म्हणता आलं असतं. घेतली आणि खाली उतरले, आणि परत कधी कोसाडला आले नाही.

तुम्ही गेल्याचं मावशींनी सांगितलं, तेरावा होऊन गेल्यावर. पायाचंच वाढत गेलं म्हणे. मी ऑफिसात होते, समोर प्रवेशाचे अर्ज होते. मावशी डोळे पुसत होत्या आणि मीही पुसले. त्यांनी विचारलं, घरी भेटायला जायचं का, त्यांचा मुलगा असतो. मी म्हटलं, जाऊ एखाद्या रविवारी. तो रविवार आला नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. तुम्ही असतात तर मी लिहिलं नसतं, हे मला माहीत आहे. आणि एक राहिलं, बाई. मावशींनी बातमी सांगितली तेव्हा रडू येण्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्या मुलीचं मला कुणी विचारणार नव्हतं.